संरक्षणाचा रुपया जातो कोठे?

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला अर्थमंत्री लोकसभेत अर्थसंकल्प मांडतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात संरक्षणखर्चाविषयी दोन विधाने हटकून कानी पडतात. ‘संरक्षणासाठी आजवरची सर्वांत मोठी तरतूद’ हे पहिले. ‘राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले या खर्चाचे प्रमाण १९६२ पूर्वीच्या पातळीवर घसरले’ हे दुसरे. पहिल्या विधानाने सत्ताधारी पक्ष समाधान मानतो, तर दुसऱ्याने विरोधी पक्ष आणि निवृत्त सेनाधिकारी चिंतेचा सूर लावतात. सकाळी चहाबरोबर वृत्तपत्र वाचणारा सामान्य करदाता मात्र बुचकळ्यात पडतो. एकच खर्च एकाच वेळी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान कसा असू शकेल?

गंमत अशी की ही दोन्ही विधाने आकड्यांच्या दृष्टीने खरी आहेत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६,८१,२१० कोटी रुपयांची तरतूद होती. रुपयांत मोजल्यास तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा ती मोठी होती. सकल देशांतर्गत उत्पादनाशी (सोयीसाठी त्याला येथे राष्ट्रीय उत्पन्न म्हणू) तिचे प्रमाण मात्र १.९ टक्क्यांच्या आसपास भरत होते. तेव्हा वाद आकड्यांच्या खरेखोटेपणाचा नाही. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, या दोन आकड्यांवर वर्षानुवर्षे चालत आलेला वाद आपल्याला मूळ प्रश्नापासून दूर नेतो. मूळ प्रश्न हा की, संरक्षणासाठी म्हणून बाजूला काढलेला रुपया प्रत्यक्षात कशावर खर्च होतो, केव्हा खर्च होतो आणि त्याचा हिशेब कोण विचारतो.

तीन मापे, तीन उत्तरे

एखाद्या राष्ट्राचा संरक्षणखर्च तीन मापांनी मोजता येतो. पहिले माप रुपयांचे. हे सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे. भाववाढीच्या देशात जवळजवळ प्रत्येक वर्षीची तरतूद ‘आजवरची सर्वांत मोठी’ असणारच. शिक्षकाचा पगारही दर वर्षी ‘आजवरचा सर्वांत मोठा’ असतो, म्हणून तो दर वर्षी श्रीमंत होत जातो असे कोणी म्हणत नाही. दुसरे माप राष्ट्रीय उत्पन्नातील वाट्याचे. समाज आपल्या एकूण कमाईपैकी किती भाग या कामासाठी देतो, हे त्यावरून कळते. तिसरे माप सरकारी तिजोरीतील वाट्याचे. इतर कामांसाठी सरकारच्या हाती काय उरते, याचा अंदाज त्यावरून येतो.

ही तीन मापे एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे निवेदन केले, त्यात हिंदू संहिता विधेयकाबरोबरच संरक्षणखर्चाचाही मुद्दा होता. वार्षिक ३५० कोटी रुपयांच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, हे त्यांनी दाखवून दिले होते आणि या अवाढव्य खर्चाचा उगम त्यांनी तत्कालीन परराष्ट्रधोरणात शोधला होता. मित्र थोडे असले की शस्त्रे अधिक लागतात, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय. त्या काळी हा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहूनही कमी होता. म्हणजे ज्या खर्चाला आजचा विश्लेषक ‘अल्प’ म्हणेल, तो केंद्र सरकारचा निम्मा महसूल खाऊन टाकीत होता. कारण देश गरीब होता आणि करांतून गोळा होणारी रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने तुटपुंजी होती. २०२५-२६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा जवळपास तेवढाच, पण केंद्राच्या एकूण खर्चातील वाटा १३.४५ टक्के. टक्केवारी सारखी, भार मात्र अगदी वेगळा.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सध्या संरक्षण मंत्रालयाची जी एकूण रक्कम सांगितली जाते, तिच्यात सैनिकांचे निवृत्तिवेतन धरलेले असते. संरक्षण सेवांचे अंदाज म्हणून जो आकडा पूर्वी सांगितला जाई, तो अनेकदा त्यावाचून असे. स्टॉकहोम येथील सिप्री ही संशोधनसंस्था निमलष्करी दलांचा खर्चही त्यात मिळविते, म्हणून तिची टक्केवारी आपल्या सरकारी टक्केवारीहून अधिक भरते. तेव्हा दोन वेगवेगळ्या भांड्यांनी मापलेले दूध एकाच भावाने विकले जात नाही ना, हे ग्राहकाने आधी पाहावे.

धक्क्याने चढणारा आलेख

स्वातंत्र्यानंतरच्या पाऊणशे वर्षांचा आलेख डोळ्यांपुढे आणला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. हा खर्च हळूहळू, विचारपूर्वक वाढत वा घटत गेलेला नाही. एखाद्या धक्क्यासरशी तो चढतो, आणि धक्क्याची आठवण पुसट होऊ लागली की तिजोरीच्या ओढीने खाली येतो.

पहिला आणि सर्वांत मोठा धक्का १९६२ चा. १९६१-६२ मध्ये संरक्षणावर सुमारे ३१२ कोटी रुपये खर्च झाले होते. १९६३-६४ मध्ये तोच खर्च ८१६ कोटींच्या घरात गेला. राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो जवळजवळ दुप्पट झाला. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावून गेला असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, ते यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९६४ ते १९६९ या काळासाठी संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि हवाई दलाच्या ४५ तुकड्या हे तिचे लक्ष्य होते. गरज आधी ठरवायची आणि मग तिला लागणारा पैसा अनेक वर्षांच्या हिशेबाने उभा करायचा, हा त्या योजनेमागचा विचार आजही अनुकरणीय आहे.

पण पैसा आकाशातून पडत नाही. १९६३ च्या अर्थसंकल्पात मोरारजी देसाई यांनी कंपन्यांच्या नफ्यावर अधिभार बसविला आणि सक्तीची बचत योजना आणली. त्याच वर्षी जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले. १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि गावोगावच्या सोनारांचा धंदा बसला. अनेक घरांतील स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. पुढे १९६५ चे युद्ध झाले, परदेशी मदत थांबली, लागोपाठ दोन वर्षे अवर्षण पडले, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले आणि १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी द्यावी लागली. या साऱ्या संकटांना केवळ संरक्षणखर्च जबाबदार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु धक्क्यानंतर घाईने उचललेल्या ओझ्याचाही त्यात भाग होता, हे नाकारता येणार नाही. १९७१ मध्ये हेच चव्हाण अर्थमंत्री होते. पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी शरणार्थींचा आणि पाठोपाठच्या युद्धाचा खर्च भागविताना टपालाच्या पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, हे जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल.

दुसरा चढ १९८० नंतरच्या दशकातला. मिराज २०००, मिग-२९, विराट ही विमानवाहू नौका आणि मार्च १९८६ मध्ये बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांसाठी झालेला सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार, अशी ती मोठ्या खरेदीची वर्षे होती. १९८७ पासून श्रीलंकेतील शांतिसेनेची भर पडली. त्या दशकाच्या उत्तरार्धात संरक्षणाचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि काही पद्धतींनी मोजल्यास त्याहूनही वर गेला. स्वतंत्र भारताच्या इतिहासातील हे दुसरे शिखर. त्यानंतर १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोने परदेशी गहाण पडले आणि त्याच वर्षी आपला प्रमुख शस्त्रपुरवठादार असलेला सोव्हिएत संघ विसर्जित झाला. संरक्षणाचा वाटा आपोआप घसरू लागला. तो घसरावा असा निर्णय कोणी विचारपूर्वक घेतला नव्हता. तिजोरीनेच तो घेतला.

मग १९९९ मध्ये कारगिल आले. २०००-०१ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी संरक्षणाची तरतूद ४५,६९४ कोटींवरून ५८,५८७ कोटींवर नेली. एका वर्षात २८ टक्क्यांची वाढ! आणि मग पुन्हा हळूहळू घसरण. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात रक्त सांडले, मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चार दिवसांचा सशस्त्र संघर्ष झाला. प्रत्येक वेळी तातडीच्या खरेदीचे खास अधिकार द्यावे लागले. तातडीने घेतलेली वस्तू महाग पडते, हे पावसाळ्यात छत्री घेणारा कारकूनही जाणतो.

शेजाऱ्यांकडून काय शिकावे?

संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्के असावा, अशी मागणी वारंवार होते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने ती केलेली आहे. अकराव्या वित्त आयोगाने २००४ पर्यंत तीन टक्क्यांची पातळी गाठावी असे सुचविले होते. तेराव्या वित्त आयोगाने मात्र २०१४-१५ साठी १.७६ टक्के एवढाच वाटा गृहीत धरला. दोन्ही आयोग तज्ज्ञांचे. अंतर जवळजवळ दुपटीचे. जून २०२५ मध्ये नाटो संघटनेच्या देशांनी २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे उद्दिष्ट जाहीर केल्यापासून आपल्याकडेही ही मागणी पुन्हा जोर धरू लागली.

या मागणीतील उणीव चीनच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. १९९० च्या सुमारास, सिप्रीच्या अंदाजानुसार, भारत आणि चीन यांचा संरक्षणखर्च डॉलरमध्ये जवळपास सारखाच होता. २०२४ मध्ये चीनचा खर्च ३१४ अब्ज डॉलर आणि भारताचा ८६.१ अब्ज डॉलर. म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. आणि तरीही चीनच्या राष्ट्रीय उत्पन्नातील त्याचा वाटा १.७ टक्क्यांच्या आसपास, आपल्याहून कमीच! हे अंतर चीनने अधिक टक्के खर्च करून निर्माण केलेले नाही. कारखाने, बंदरे, शाळा आणि कारागिरी यांत तीस वर्षे भांडवल घालून त्याने आपली अर्थव्यवस्थाच अशी वाढविली की त्याचे दीड-पावणेदोन टक्के आपल्या सात-आठ टक्क्यांच्या तोडीचे होऊन बसले. याउलट पाकिस्तानचा वाटा २०२४ मध्ये २.७ टक्के होता, आणि त्यापूर्वीची कित्येक दशके तो याहून पुष्कळ अधिक होता. त्यातून त्याला सामर्थ्य लाभले की वारंवार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी जाण्याची पाळी आली, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे. दीर्घकाळाच्या दृष्टीने पाहता सैन्याचे बळ अर्थव्यवस्थेच्या आकारातून येते. वाट्याची टक्केवारी ही त्यातील दुय्यम बाब.

रुपयाच्या आत डोकावले तर

आता आपल्या रुपयाची फोड करू. २०२५-२६ च्या ६,८१,२१० कोटींपैकी वेतन, देखभाल, इंधन, दारूगोळा इत्यादी सैन्यदलांच्या महसुली खर्चासाठी ३,११,७३२ कोटी, म्हणजे रुपयातले जवळपास ४६ पैसे होते. निवृत्तिवेतनासाठी १,६०,७९५ कोटी, म्हणजे साडेतेवीस पैसे. विमाने, नौका, तोफा यांच्या खरेदीसह सर्व भांडवली खर्चासाठी १,८०,००० कोटी, म्हणजे साडेसव्वीस पैसे. उरलेले चार-साडेचार पैसे मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरी संघटनांसाठी. ‘विक्रमी तरतूद’ हे शब्द वाचताना आपल्या डोळ्यांसमोर नवी विमाने उभी राहतात; रुपयातील जवळजवळ तीनचतुर्थांश भाग मात्र दुसरीकडे जातो. २०२०-२१ मध्ये तर निवृत्तिवेतनाची तरतूद १,३३,८२६ कोटी आणि तिन्ही सैन्यदलांची भांडवली तरतूद १,१३,७३४ कोटी अशी उलटी स्थिती होती.

ही स्थिती का आली? सैन्य तरुण असावे लागते. जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो आणि पुढे तीस-चाळीस वर्षे निवृत्तिवेतन घेतो. केंद्राच्या नागरी सेवांत १ जानेवारी २००४ पासून अंशदायी योजना आली, सैन्यदले तिच्यातून वगळली गेली, आणि ते योग्यच होते. २०१५ मध्ये ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ हे तत्त्व अमलात आल्यावर हा भार एकदम वाढला.

या लेखाच्या वाचकांत शिक्षक आणि सरकारी कर्मचारी बरेच असतील. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले, आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. निवृत्तिवेतन ही भीक नव्हे, तो लांबणीवर टाकलेला पगार आहे, हे त्या संपाचे सूत्र होते. ते मान्य असेल, तर सैनिकाच्या निवृत्तिवेतनाला ‘अनुत्पादक खर्च’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लांबणीवर टाकलेला पगार कोणीतरी केव्हातरी चुकता करावाच लागतो, आणि तो नेमका नव्या शस्त्रांच्या पैशातून चुकता होऊ लागला, तर उद्याचा जवान जुन्या हत्यारानिशी सीमेवर उभा राहतो. सैनिकाला निवृत्तिवेतनही हवे आणि बंदूकही हवी. या दोहोंत त्याला निवड करावयास लावणे हे धोरणाचे अपयश आहे.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना हे या कोंडीवरचे सरकारी उत्तर. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम नेमणूक, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी आणि निवृत्तिवेतन नाही. तिजोरीच्या दृष्टीने हा हिशेब सरळ आहे. पण भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. सरकारच्या खात्यातून तो पंचविशीच्या आत घरी परतणाऱ्या तरुणाच्या खात्यावर जातो. सातारा जिल्ह्यातील ज्या अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, तेथे आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या सैन्य हेच कोरडवाहू शेतीला जोड देणारे उत्पन्न होते. या तरुणांना पुढे कोणते काम मिळणार, याचे उत्तर संरक्षणाच्या अर्थसंकल्पात सापडत नाही. ते देशातील एकूण रोजगाराच्या स्थितीतच शोधावे लागेल.

पैसा कमी, की पैसा उशिरा?

मार्च २०१८ मध्ये भूदलाच्या तत्कालीन उपप्रमुखांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे जी साक्ष दिली, ती प्रत्येक सुशिक्षित नागरिकाने वाचावी अशी आहे. सैन्याची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट, २४ टक्के प्रचलित आणि अवघी ८ टक्के अत्याधुनिक, असे त्यांनी सांगितले. आधुनिकीकरणासाठी त्या वर्षी २१,३३८ कोटी रुपये मिळाले होते, आणि आधीच झालेल्या करारांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे होते. नवे काही घेणे दूरच, जुनी उधारीही फिटत नव्हती.

पण केवळ पैशाची टंचाई हे संपूर्ण निदान नव्हे. हवाई दलाला १२६ लढाऊ विमाने हवीत म्हणून २००७ मध्ये निविदा निघाली. २०१२ मध्ये राफेलची निवड झाली. २०१५ मध्ये तो व्यवहार बाजूला ठेवून ३६ विमाने थेट घेण्याचे ठरले, २०१६ मध्ये करार झाला आणि जुलै २०२० मध्ये पहिली पाच विमाने अंबाल्यास उतरली. तेरा वर्षे! या काळात सरकारे बदलली, दिरंगाई मात्र कायम राहिली. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्याने ज्याच्या अनेक पिढ्या घडविल्या, ते १९६३ मध्ये हवाई दलात आलेले मिग-२१ विमान निवृत्त व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. त्या निवृत्तीनंतर मंजूर ४२ तुकड्यांपैकी लढाऊ विमानांच्या २९ तुकड्या उरल्या. चव्हाणांच्या योजनेने १९६४ मध्ये हवाई दलासाठी ४५ तुकड्यांचे लक्ष्य ठेवले होते, हे येथे आठवावे. आजचे विमान त्या काळच्या विमानाहून कितीतरी पटींनी समर्थ आहे, आणि महागही; त्यामुळे ही तुलना शब्दशः घेऊ नये. परंतु साठ वर्षांत रुपयांतील खर्च शेकडो पटींनी वाढूनही मंजूर संख्या गाठता येत नाही, तेव्हा केवळ ‘आणखी पैसा द्या’ एवढे म्हणून भागत नाही. त्याच ओझरच्या कारखान्यातून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले, ही आशेची गोष्ट. मात्र या जातीच्या विमानांचा पुरवठा मार्च २०२४ पासून सुरू व्हावयाचा होता, हेही विसरता येत नाही.

तोफ आणि पाटी

संरक्षणखर्चाचा विषय निघाला की शिक्षणाचा विषय निघतोच, आणि त्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आणि पुढे केंद्रीय विधिमंडळातील अर्थसंकल्पावरच्या भाषणांतून गोपाळ कृष्ण गोखले यांनी लष्करी खर्चावर सातत्याने टीका केली. साम्राज्याच्या सीमेपलीकडील महत्त्वाकांक्षांचा भार हिंदुस्थानच्या दरिद्री रयतेने का वाहावा, आणि हा पैसा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाकडे का वळवू नये, हा त्यांचा प्रश्न होता.

स्वतंत्र भारताचे सैन्य परक्यांचे नाही, म्हणून गोखल्यांचा पहिला आक्षेप आज लागू पडत नाही. दुसऱ्याचे काय? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हेच सहा टक्के पुन्हा आले. मधल्या अर्धशतकात हे लक्ष्य एकदाही गाठले गेले नाही. तोफांमुळे पाटीचा पैसा गेला, असे म्हणणे आम्हा शिक्षकांना सोयीचे वाटेल. परंतु हिशेब तसे सांगत नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून संरक्षणाचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड टक्क्याहून अधिक खाली आला. तो मोकळा झालेला वाटा शाळांकडे वळला नाही. संरक्षण हा सर्वस्वी केंद्राचा खर्च आहे, आणि शिक्षणाचा मोठा भार राज्यांवर. हे एका ताटातले दोन घास नाहीत. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात तोफा आणि लोणी यांची जी आकृती असते, तीत एकातून कमी केलेले आपोआप दुसऱ्याकडे जाते. प्रत्यक्ष राज्यकारभारात त्यासाठी कोणीतरी हट्टाने मागणी करावी लागते. शिक्षणाच्या बाजूने तशी मागणी करणारा गोखल्यांसारखा आवाज आज ऐकू येत नाही, ही खरी उणीव.

नागरिकाने काय मागावे?

या सर्व विवेचनातून काही साध्या मागण्या निघतात. पहिली, संरक्षणाची तरतूद जाहीर करताना निवृत्तिवेतनासह आणि त्यावाचून असे दोन आकडे सरकारने स्वतःहून शेजारी शेजारी द्यावेत, म्हणजे ‘विक्रमी’ या विशेषणाचा अर्थ ज्याचा त्याला लावता येईल. दुसरी, भांडवली खरेदीचा पैसा ३१ मार्चला रद्द होणारा नसावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणाकरिता २.३८ लाख कोटी रुपयांचा न संपणारा निधी सुचविला होता. सरकारने ही सूचना तत्त्वतः मान्य केली. पण अशा निधीचे मोल तत्त्वतः मान्यतेत नसते, तो नियमितपणे भरला जाण्यात असते. दहा वर्षांत तयार होणाऱ्या विमानासाठी वर्षावर्षाने पैसा मोजणे म्हणजे घर बांधताना रोज सकाळी विटांचा भाव विचारण्यासारखे आहे.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. लोकसभेत अनुदानाच्या मागण्यांवर चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या सर्व मागण्या एकगठ्ठा मतास टाकण्याची प्रथा आहे. तिला गिलोटिन असे सार्थ नाव आहे. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये सर्वच मंत्रालयांच्या मागण्या अशा रीतीने, गोंधळात, चर्चेवाचून मंजूर झाल्या. ज्या वर्षी सेनेचा उपप्रमुख समितीपुढे ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याचे सांगतो, त्याच वर्षी लोकसभेला त्या खर्चावर बोलण्यास घटकाभरही मिळू नये, यात लोकशाहीची शोभा नाही. गुप्तता शस्त्रांच्या तपशिलाला हवी. निवृत्तिवेतन, दिरंगाई आणि खरेदीचे वेळापत्रक यांना ती कशाला?

परकीय सत्तेच्या दरबारात, मताचा खरा अधिकार नसताना, गोखल्यांनी लष्करी खर्चाची एकेक बाब वाचून तिच्यावर प्रश्न विचारले. आपल्याजवळ आज मत आहे, निवडून दिलेला प्रतिनिधी आहे आणि अर्थसंकल्पाची कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. पुढच्या अर्थसंकल्पानंतर आपल्या खासदाराची गाठ पडेल, तेव्हा संरक्षणावर किती टक्के खर्च झाला हे त्याला विचारू नये. रुपयातील किती पैसे नव्या सामग्रीला गेले, गेल्या वर्षी मंजूर झालेली कोणती गोष्ट प्रत्यक्ष सैन्याच्या हाती पडली, आणि त्या दिवशी सभागृहात आपण उपस्थित होता काय, हे तीन प्रश्न विचारावेत. सीमेवरच्या जवानासाठी आपण येथे बसून एवढे तरी निश्चितच करू शकतो.